हसण्याचा अधिकार

दुसऱ्याचे दुःख पाहून आपण काय करावे, याविषयी आपल्याकडे पुष्कळ सांगून ठेवलेले आहे. संतांनी सांगितले, स्मृतिकारांनी सांगितले, शाळेतल्या सुभाषितांनी तर ते पाठच करवून घेतले. दुसऱ्याची फजिती पाहून काय करावे, याविषयी मात्र तितकेसे कोणी सांगत नाही. सांगून उपयोग नाही, हे जाणत्यांनी ओळखले असावे. कारण मदतीला धावणे, सांत्वन करणे, वर्गणी देणे या गोष्टी मनुष्य विचार करून करतो. हसणे हे विचाराच्या आधीच येऊन बसते. रस्त्यात कोणाचा पाय घसरला की आपण प्रथम हसतो आणि मग त्याला लागले तर नाही ना, हे पाहतो. विवेक हा या बाबतीत नेहमी उशिरा येणारा कारकून आहे. तो कचेरीत पोचतो तोवर हजेरीपुस्तक साहेबांच्या टेबलावर गेलेले असते.

तथापि जे आधी घडते त्याचा मागाहून विचारच करू नये, असे थोडेच आहे? पडणाऱ्याला हसण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न आम्हांला बरेच दिवस छळीत होता. त्याचा विचार करावयाला जुन्या मूक विनोदी चित्रपटांसारखे दुसरे साधन नाही, असे आमचे मत झाले आहे. तेथे शब्द नाहीत, कोट्या नाहीत, शाब्दिक चातुर्याची सबब नाही. आहे ते केवळ माणसाचे पडणे, धडपडणे, आपटणे. शिवाय मध्ये शंभर वर्षांचे अंतर आहे. त्या काळच्या प्रेक्षकांचे हसू आणि आपले हसू ही शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात, आणि स्वतःचे हसूही थोडेसे परक्याचे असल्यासारखे तपासता येते.

अगदी आरंभापासून पाहू. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमधील ग्रँड कॅफेच्या तळघरात लुमिएर बंधूंनी पैसे घेऊन चलच्चित्रे दाखविली. (त्यांचे हे यंत्र पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात येऊन पोचले.) पॅरिसच्या त्या खेळात एक चित्र माळ्याचे होते. माळी नळीने बागेला पाणी घालतो आहे. मागून एक पोर येते आणि नळीवर पाय देते. पाणी थांबते. माळी नळीचे तोंड न्याहाळतो, पोर पाय उचलते आणि पाण्याचा फवारा माळ्याच्या तोंडावर येतो. सारा मामला एका मिनिटाच्याही आतला. विनोदी चित्रपटाची गंगोत्री म्हणून याचा उल्लेख करतात तो बहुधा येथपर्यंतच. पण गंमत पुढे आहे. पोर पळते, माळी त्याच्यामागे धावतो, त्याला पकडतो आणि ओढीत पुन्हा पहिल्या जागी, कॅमेऱ्यासमोर, आणून चोप देतो. कॅमेरा तेव्हा जागचा हलत नसे. शिक्षा प्रेक्षकांना दिसावयाची तर गुन्हेगाराला चौकटीत आणणे भागच होते. कारण यांत्रिक खरे, परंतु परिणाम नैतिक झाला आहे. ज्याची फजिती झाली त्यालाही काहीतरी करावयाला मिळाले. तो केवळ भिजला आणि संपला, असे झाले नाही. फवाऱ्यानंतरचा क्षण त्याचा आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

हसण्याविषयी पंडितांची मते फारशी उत्साहवर्धक नाहीत. सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज याच्या मते दुसऱ्याच्या उणेपणाशी स्वतःची तुलना केल्याने आपणांस अकस्मात जी श्रेष्ठतेची भावना होते, तीच हास्याच्या मुळाशी असते. फ्रेंच तत्त्ववेत्ता बर्गसाँ याने १९०० साली हास्यावर एक छोटा ग्रंथ लिहिला. सजीव माणूस यंत्रासारखा वागू लागला की हसू येते, आणि हसताना हृदय घटकाभर बधिर व्हावे लागते, असे त्याचे प्रतिपादन आहे. आपल्या भरतमुनींनी हास्याचे सहा प्रकार सांगितले आणि स्मित, हसित उत्तम प्रकृतीला. विहसित, उपहसित मध्यमांना. अपहसित, अतिहसित अधमांना, अशी वाटणी करून दिली. म्हणजे हसणारा किती मोठ्याने हसतो, यावरून त्याची प्रत ठरावयाची. मूक चित्रपटाच्या खेळात आपण जसे हसतो ते पाहता आमची सर्वांची गणना कोठे होईल, हे सांगावयाला नको. परंतु या तिघांनीही हसणाऱ्याकडे पाहिले. ज्याला हसले त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न त्यांच्या विवेचनात जवळजवळ येतच नाही. आमच्या मते नीतीचा प्रश्न तेथेच आहे.

आता आधुनिक दृष्टीविषयी दोन शब्द. जुना मूकपट लागला की आजचा प्रेक्षक पहिल्या क्षणालाच हसू लागतो. अजून काही घडलेलेही नसते. माणसे तुरूतुरू चालतात, टोप्या झटक्याने उचलतात, घोडागाड्या पिसाट धावतात. ‘त्या काळची माणसे कशी विचित्र होती!’ असा भाव त्या हसण्यात असतो. वस्तुतः माणसे आपल्यासारखीच चालत होती. त्या वेळचे कॅमेरे बहुधा हाताने फिरवीत आणि सेकंदाला सोळा-अठरा चित्रे घेत; बोलपट आल्यावर चोवीस चित्रांची गती ठरून गेली, आणि जुनी फीत नव्या यंत्रावर धावू लागली. विनोदी चित्रपटवाले कधी कधी मुद्दामही गती वाढवीत, हे खरे. पण लग्नाच्या मिरवणुकीतली आणि युद्धावर निघालेली माणसेही आपल्याला बाहुल्यांसारखी दिसतात, तो दोष आपल्या यंत्राचा आहे. बर्गसाँच्या भाषेत बोलावयाचे तर सजीव माणसांना यंत्रवत केले आपणच, आणि मग हसलो त्यांना. भूतकाळाकडे पाहून येणारे निम्मे हसू हे अशा जातीचे असते. म्हणून योग्य गतीने दाखविलेला मूकपट प्रथमच पाहणाऱ्याला जरा चुकल्यासारखे होते. पडद्यावर एकदम माणसेच दिसू लागतात.

हॅरॉल्ड लॉइड याचा ‘सेफ्टी लास्ट’ हा १९२३ सालचा चित्रपट आमच्या शहरातील मराठी मंडळाने मध्यंतरी अशा योग्य गतीने दाखविला. चॅप्लिनचे नाव सर्वतोमुखी आहे आणि बस्टर कीटनचेही चाहते वाढत आहेत. लॉइड मात्र आपल्याकडे एका चित्रापुरताच ओळखला जातो. उंच इमारतीवरील घड्याळाच्या काट्याला लटकलेला, चष्मा आणि गवती टोपी घातलेला तरुण, खाली मुंगीएवढी रहदारी. चित्र पुष्कळांनी पाहिलेले असते; तो तेथे का लटकला, हे थोड्यांना ठाऊक असते. वाचकहो, तो एक कारकून आहे!

चित्रपट उघडतो तो गजांआड उभ्या असलेल्या तरुणावर. मागे फास लोंबतो आहे, आई आणि प्रेयसी निरोप घेताहेत, धर्मोपदेशक आला आहे. प्रेक्षक गंभीर होतो. मग कॅमेऱ्याची जागा बदलते आणि कळते की हे रेल्वेचे स्टेशन आहे. गज फलाटाच्या कठड्याचे आहेत आणि तो फास म्हणजे धावत्या गाडीला टपाल देण्याची कडी. पोर नोकरीसाठी शहराला निघाले आहे. आपल्यापैकी ज्यांनी पहिल्या नेमणुकीच्या गावी जाताना स्टेशनावर आईचा चेहरा पाहिला आहे, त्यांना हा विनोद इतरांहून थोडा अधिक कळतो. शहरात गेलेल्या मुलाला एका मोठ्या दुकानात कापडाच्या काउंटरवर जागा मिळते. तो मित्राबरोबर एका खोलीत राहतो, भाडे थकले की घरमालकीण येताच दोघेही खुंटीवरच्या कोटांत लपतात. घरी मात्र पत्रे जातात ती आपण मोठ्या हुद्द्यावर असल्याची. पत्रे खरी वाटावीत म्हणून भेटवस्तूही जातात. त्यातली गळ्यातली साखळी घ्यावयाला तो सराफाच्या दुकानात आठवड्याचा पगार मोजू लागतो, तेव्हा समोर खानावळीचे एक ताट दिसू लागते. एकेक नाणे हातचे सुटते तसा ताटातला एकेक पदार्थ नाहीसा होतो. चित्रपटाच्या इतिहासात कारकुनाच्या अंदाजपत्रकाचे यापरते प्रामाणिक चित्र आम्हांला ठाऊक नाही.

पुढे प्रेयसीच शहरात येऊन थडकते. आता साहेबाच्या खोलीत बसून साहेब असल्याचे सोंग करणे प्राप्त होते. त्याच साहेबाने थोड्या वेळापूर्वी अंगात कोट नसताना गिऱ्हाइकांसमोर आल्याबद्दल त्याला फैलावर घेतलेले असते. गर्दी जमविणारी युक्ती सुचवील त्याला हजार डॉलर, असे साहेबाचे शब्द त्याच्या कानी पडतात, आणि इमारतींवर चढण्यात वाकबगार असलेल्या मित्राला तो बारा मजली इमारत चढण्यास तयार करतो. ऐन वेळी मित्रामागे पोलीस लागतो. ‘एक मजला तू चढ, तोवर मी याला चुकवून येतो,’ असे करीत करीत कारकुनालाच एकेक मजला चढावा लागतो. कबुतरे अंगावर येतात, जाळे पडते, उंदीर विजारीत शिरतो, घड्याळाची तबकडी निखळते. प्रत्येक मजल्यावर कोणीतरी खिडकीतून डोके काढून सल्ला देतो. हात मात्र कोणी देत नाही. कचेरीतल्या बढतीचे इतके हुबेहूब वर्णन दुसऱ्या कोणत्या कलाकृतीत असेल, असे आम्हांला वाटत नाही.

घरापासून दूर असलेल्या मनुष्याला हा चित्रपट एक खाजगी जागा दाखवितो. आपण कोणी मोठे खोटे बोलत नाही. परंतु घरी पाठविलेल्या मजकुरात क्वार्टरच्या ओल्या भिंतीचा उल्लेख गळतो आणि बागेचा येतो. ‘विभागात काम फार आहे’ या वाक्यातून विभाग आपल्यावाचून अडला आहे, असे वडिलांनी समजावे, अशी आपली इच्छा असते. हल्ली पत्रांऐवजी फोनवरून छायाचित्रे जातात, आणि छायाचित्राच्या चौकटीत काय घ्यावयाचे हे तर अधिकच आपल्या हाती असते. चित्रपटातल्या कारकुनाने हेच केले. त्याचे खोटे पैशाच्या लोभाचे नाही. ज्यांनी आपल्यावर आशा ठेवली त्यांना निराश करण्याचे धैर्य नसल्यामुळे उपजलेले आहे. आणि त्या खोट्याची फेड त्याला बारा मजले आपल्या बोटांनी करावी लागते. म्हणून आपण त्याला हसतो ते वरून खाली पाहून नव्हे; त्याच कठड्यावर, त्याच्या शेजारी उभे राहून. हॉब्जची उपपत्ती येथे लंगडी पडते. येथे श्रेष्ठतेची भावना कोठून आणावयाची? आपल्या पोटात खड्डा पडलेला असतो.

याच ठिकाणी आधुनिक दृष्टी आणखी एक गोष्ट पुढे आणून ठेवते. ऑगस्ट १९१९ मध्ये छायाचित्र काढताना लॉइडच्या हातात दिलेला नकली समजलेला बाँब खरा निघाला. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. डोळे जातात की काय, अशी अवस्था काही काळ होती. पुढच्या चित्रपटांतून तो विशेष बनावटीचा हातमोजा घालून हे व्यंग झाकीत असे. म्हणजे घड्याळाच्या काट्याला जे हात लटकले आहेत त्यांतला एक अपुरा आहे. इमारतीच्या छपरांवर देखावे उभारून, खाली गाद्या घातलेले मंच ठेवून ही दृश्ये घेतली होती, आणि दूरच्या दृश्यात चढणारा इसम म्हणजे चित्रपटात मित्राचे काम करणारा बिल स्ट्रॉदर हा खराखुरा इमारती चढणारा होता. हे सारे आज प्रसिद्ध आहे. तरीही तो हात ठाऊक झाल्यावर पूर्वीसारखे हसता येते काय?

आम्ही याचा विचार केला तेव्हा असे दिसले की लॉइडने हात लपविला तो कीव टाळण्यासाठी. प्रेक्षकाचे हसू करुणेत बदलले असते तर त्याचा धंदाच बुडाला असता, हे खरे; पण त्याहूनही मोठी गोष्ट अशी की आपल्याला कोणत्या गोष्टीसाठी हसावे, हे त्याने स्वतः ठरविले होते. आपल्या पराक्रमाला हसा, माझ्या जखमेला नव्हे, असे त्याने जणू प्रेक्षकाला बजावले. ज्याला हसावयाचे त्याचाच हा निर्णय असल्यामुळे ते व्यंग कळूनही आपण हसू शकतो. फक्त त्या हसण्यात आदराची भर पडते. जाणिवेने हसू मरते, ही समजूत आम्हांला खरी वाटत नाही. जे हसू जाणिवेने मरते ते मुळातच मरावयाच्या लायकीचे असते.

तसे एक हसू याच चित्रपटात आहे. ज्या सराफाच्या दुकानात पगाराचे ताट रिकामे होते, तो सराफ ज्यू दाखविला आहे. तो पुढे वाकून हात चोळतो, लाघवी हसतो, आणि गिऱ्हाइकाच्या खिशाकडे पाहतो. एवढेच त्याचे काम. आमच्या मंडळाच्या खेळात या प्रसंगी ताटाचे पदार्थ नाहीसे होताना सर्वजण पोट धरून हसले, पण शाळेत जाणारी एक मुलगी वडिलांना विचारीत होती, “बाबा, हा माणूस सारखा हात का चोळतो?” वडिलांनी तिला गप्प बसविले. मुलीचा प्रश्न सोपा होता आणि उत्तर अवघड होते. तो हात चोळतो, कारण त्या काळी अमेरिकेच्या नाटकशाळांत ज्यू व्यापारी म्हटला की त्याने हात चोळावयाचे, असे ठरून गेले होते. त्याला नाव नको, घर नको, अडचण नको. हात असले की झाले. ज्या मुलीला तो साचा माहीत नव्हता तिला त्यात हसण्यासारखे काहीच आढळले नाही.

चित्रपट करणाऱ्यांच्या मनात द्वेष होता, असे आम्ही म्हणत नाही. परंतु इतिहासाचा एक योगायोग सांगण्याजोगा आहे. ‘सेफ्टी लास्ट’ १९२३ च्या एप्रिलमध्ये प्रदर्शित झाला. त्याच महिन्यात जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे यूलियुस श्ट्रायखर याने ‘देअर श्ट्युर्मर’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. ज्यू माणसांची विद्रूप व्यंगचित्रे छापण्यासाठी ते पुढे कुप्रसिद्ध झाले आणि त्याबद्दलच्या खटल्यात १९४६ साली श्ट्रायखरला फाशी झाली. एकीकडे निरुपद्रवी करमणूक, दुसरीकडे विषारी प्रचार. दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरी साचा ओळखीचा आहे. विष कालवणाऱ्याला पेला नवा घडवावा लागला नाही. तो बाजारात तयार होता, आणि पुष्कळ चांगल्या माणसांनी हसत हसत तो हाताळला होता.

कारकुनाला हसणे आणि सराफाला हसणे यांत मग फरक कोणता? दोघांचीही अतिशयोक्ती केली आहे. दोघेही थट्टेचे विषय आहेत. फरक इतकाच की कारकुनाला पुढचा क्षण मिळतो. तो पडतो, सावरतो, युक्ती करतो, पुन्हा घसरतो, पुन्हा चढतो. प्रत्येक फजितीनंतर तो कोण आहे हे आपल्याला थोडे अधिक कळते. सराफाला पुढचा क्षणच नाही. तो दुकानातून निघून घरी जातो, त्याचेही भाडे थकते, त्यालाही कोणाला तरी पत्र लिहावयाचे असते, अशी शंकाही आपल्याला येऊ दिलेली नाही. लुमिएरच्या माळ्याला निदान त्या पोराला पकडून आणता आले. सराफाला कॅमेऱ्यासमोर कोणालाच ओढून आणता येत नाही.

एवढ्याशा थट्टेने कोणाचे काय बिघडते, असे विचारणाऱ्याने महाभारताचे सभापर्व उघडावे. मयसभेचा प्रसंग हा अगदी मूकपटातला आहे. स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून दुर्योधन वस्त्रे सावरतो, पाण्याला जमीन समजून त्यात पडतो. प्रसंग घडतो तेथे हसणाऱ्यांत भीम आहे, सेवक आहेत. युधिष्ठिराच्या आज्ञेने त्याला कोरडी वस्त्रे दिली जातात; पण तो पुन्हा फसतो आणि पुन्हा हसतात. पुढे हस्तिनापुरास परतल्यावर तो पित्यापाशी हीच हकीकत सांगतो तेव्हा हसणाऱ्यांची संख्या वाढलेली आहे. तेथे कृष्ण आणि अर्जुन आहेत, आणि स्त्रियांसह द्रौपदीही आहे. व्यासांच्या प्रतिभेचा हा विशेष आम्हांला फार मोठा वाटतो. ज्याला हसले गेले त्याच्या आठवणीत हसणारे नेहमीच अधिक असतात. दुर्योधन काही निष्पाप नव्हता आणि त्याच्या मत्सराला निमित्ताची वाण नव्हती, हेही खरे. परंतु कोरडी वस्त्रे देणाऱ्यांना त्याच्याशी दोन शब्द बोलण्याचे सुचले नाही. वस्त्रे मिळाली, पुढचा क्षण मिळाला नाही; मग तो त्याने आपल्या पद्धतीने द्यूतसभेत मिळविला.

इंद्रप्रस्थाच्या त्या भूमीवर आणि देशाच्या इतर भागांत नोकरीसाठी पांगलेल्या आपणा मराठी मंडळींना या प्रश्नाच्या दोन्ही बाजू ठाऊक आहेत. मराठीत चहा आला म्हणावयाच्या सवयीने आम्ही ‘चाय आया’ म्हणालो की उत्तरेकडील कचेरीत हशा पिकतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कचेरीत आमच्या तोंडचे असे प्रयोग काही महिने चलनात होते आणि त्यांची नक्कल आमच्या पाठीमागे व समोरही होत असे. त्या हसणाऱ्यांपैकी एकाने एके दिवशी हसून झाल्यावर विचारले, “तुमच्याकडे चहा पुल्लिंगी का?” मग दही, पुस्तक, सूर्य, चंद्र असे करीत दुपारची सुटी संपली. तोही हसला होता, इतरांच्या इतकाच मोठ्याने. पण त्याने आम्हांला पुढचा क्षण दिला. आज त्या कचेरीतील बाकीच्यांची नावे आठवावी लागतात. त्याचे आठवावे लागत नाही.

आता दुसरी बाजू. १९६८ सालच्या ‘पडोसन’ या हिंदी चित्रपटात मेहमूदने रंगविलेला दाक्षिणात्य संगीतशिक्षक पाहून आपण हसलो. आपल्या मराठी नाटक-सिनेमांतला दूधवाला भय्या, मारवाडी सावकार, तोतरा नोकर यांना हसतच आपल्या पिढ्या वाढल्या. भय्याला हसणारा मराठी माणूस बदली होऊन लखनौला किंवा पाटण्याला जातो तेव्हा शेजारी त्याच भय्याचा भाऊ राहत असतो. तोच रात्री अपरात्री आपल्या मुलाला डॉक्टरकडे नेतो, आणि सुटीत गावी आल्यावर आपण पुन्हा भय्याच्या बोलण्याची नक्कल करून मंडळींना हसवतो. मेहमूदचा शिक्षक गाण्यात कच्चा नाही, त्याला स्वतःचा डौल आहे, असे कोणी म्हणेल, आम्हीही म्हणतो. आमचा आक्षेप विनोदाला नाही. चिं. वि. जोशी यांनी मराठी मुलुखाबाहेर, बडोद्यात राहून चिमणरावाच्या फजित्या लिहिल्या; परंतु चिमणरावाला हसून झाल्यावर तो आपल्याच घरातला कोणी आहे, हे वाचकाला कधी विसरता आले नाही. हसे झाले तरी चिमणराव उरतो. भय्या उरत नाही. उरते त्याचे बोलणे.

मग जुन्या चित्रपटांचे करावे काय? एक पक्ष म्हणतो, असली दृश्ये कापून टाकावी. दुसरा म्हणतो, तो काळच तसा होता, सोडून द्या. दोन्ही पक्षांचा शेरा एकच आहे: प्रकरण दप्तरी दाखल. कापले की साचा डोळ्यांआड होतो आणि आपल्यात तो शिल्लक आहे की नाही, हे पाहण्याची सोयच जाते. काळावर ढकलले की त्या काळी ज्यांना त्या साच्यात कोंबले जात होते तेही त्याच काळात राहत होते, याचा विसर पडतो. त्यांना ते तेव्हाही आवडत नसावे. आम्हांला तिसरा मार्ग बरा वाटतो. चित्रपट संपूर्ण पाहावा, मुलांनाही दाखवावा, कारकुनाला मनमुराद हसावे. आणि सराफाच्या प्रसंगी मुलीने विचारले तर तिला गप्प न बसवता उत्तर द्यावे. उत्तर देता देता आपले हसू आपोआप थांबते. ते सक्तीने थांबविलेले नसते, म्हणून टिकते.

हसण्याचा अधिकार उपजत नाही आणि कोणी बहालही करीत नाही. तो हसून झाल्यावर मिळवावा लागतो. विवेक उशिरा येणारा कारकून आहे, हे आम्ही आरंभी म्हटले. परंतु उशिरा आलेला कारकूनही दिवसभराचे काम करू शकतो, असा आमचा व्यावसायिक अनुभव आहे. हसू आवरता आले नाही म्हणून कोणी अधम ठरत नाही. हसून झाल्यावर पडलेल्याकडे पाहिले की नाही, त्याला माळ्यासारखे धावू दिले की नाही, त्याचे नाव विचारले की नाही, यावर ते ठरते.

‘सेफ्टी लास्ट’च्या शेवटी कारकून छपरावर पोचतो. प्रेयसी तेथे उभी असते. तिच्या खांद्यावर हात टाकून तो चालू लागतो तो ओल्या डांबरातून. जोडे तेथेच चिकटून राहतात, पुढच्या पावलांना मोजेही राहतात, आणि तो अनवाणीच पुढे जातो. हुद्द्याचे खोटे अद्याप उघड व्हावयाचे आहे, खिशात हजार डॉलर यावयाचे आहेत, पायांत काही नाही. प्रेक्षक अखेरचा हसतो, आणि त्या हसण्यात ‘पुढे याचे कसे होईल’ ही काळजीही मिसळलेली असते. खाली कोठे तरी त्या सराफाचे दुकान असेल. संध्याकाळी तोही दिवे मालवून, हात न चोळता, घरी गेला असेल; एवढे मात्र आपल्याला आपल्या मनाने पाहावे लागते.